भिंतीवरच्या दोन फुल्या

"आधी खाली उतरा, आणि समोर उभे राहा."

गाडीला जास्त उजेडाचे बल्ब हवेत म्हणून आलेल्या प्रत्येकाला गाडीचे दिवे बसवणारे ते काका हेच सांगत. मग स्वतः गाडीत बसून दिवे लावत. गिऱ्हाईक डोळ्यांवर हात धरून मागे सरकलं की खिडकीतून डोकं काढून विचारत, "काय, दिसतंय का काही? समोरच्यालाही असंच दिसतं." गिऱ्हाइकाशी असं वागणाऱ्याचं दुकान चालतं कसं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण खडकीतल्या त्यांच्या गाळ्यासमोर संध्याकाळी गाड्या थांबलेल्या असायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी गेले ती भलत्याच उत्साहात. माझं कर्वेनगरात चष्म्याचं दुकान आहे. दर गुरुवारी मी पौडच्या पुढे एका दवाखान्यात लोकांचे डोळे तपासायला जाते, स्वतः गाडी चालवत. गाडी शिकले पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यामुळे तिची नवलाई अजून ओसरलेली नाही. पण त्या महिन्यात एकदा तिन्हीसांजेला परतताना पेंढ्याने भरलेली ट्रॉली माझ्यापुढे अचानक उगवली. मागे दिवा नाही, काही नाही. ब्रेक लागला तेव्हा पेंढ्याच्या काड्या बॉनेटला टेकल्या होत्या.

मुलाने घरी जाहीर केलं, "आई, एक तर ड्रायव्हर ठेव, नाहीतर गुरुवार बंद."

दोन्ही मला मंजूर नव्हतं. दोष गाडीच्या दिव्यांचा आहे, हे मी ठरवून टाकलं. आठ दिवस फोनवर बल्बांचे व्हिडिओ पाहिले आणि त्यातला सगळ्यात पांढरा, सगळ्यात झगझगीत बल्ब मनाशी पक्का करूनच त्यांच्याकडे पोचले. साडेपाच वाजले होते. ते स्टुलावर बसून चहा पीत होते.

"काका, हेडलाइटचे बल्ब बदलायचेत."

"सूर्य आहे अजून. त्याच्याशी स्पर्धा आहे का तुमच्या गाडीची?"

अंधार पडेपर्यंत त्यांनी माझ्या हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासून लख्ख केल्या. तेवढ्या वेळात मी फोनवरचा बल्ब दाखवला.

"हा लावलात तर झाडावरची पाखरं छान दिसतील. रस्ता नाही दिसायचा. उजेड नुसता चहूकडे सांडतो याचा."

"मग शंभर वॅटचा?"

"होल्डर वितळेल. मी तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात काढलीत, ताई. वितळणाऱ्या वस्तू मला आवडत नाहीत."

समोरच्या भिंतीवर त्यांनी लाल रंगाने दोन फुल्या काढल्या होत्या. गाडी दहा पावलांवर उभी करायची आणि दिव्यांचा झोत त्या फुल्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. त्यांनी कपाटातून एक बल्ब काढला. माझ्या जुन्या बल्बाइतक्याच वॅटचा, पण जास्त उजेडाचा. तो स्वच्छ रुमालात धरून बसवला, कारण बोटाचं तेल काचेला लागलं की बल्ब लवकर जातो. आणि बसवला फक्त डावीकडे. उजवीकडे माझा जुनाच. मग गाडीत बसून त्यांनी दिवे लावले.

"आता बघा. हा, का हा?"

मी दचकलेच. दिवसातून पन्नास वेळा मी हेच विचारते, भिंग बदलून, याच सुरात!

"हा! डावा!" मी जवळजवळ ओरडले. फरक होताच तसा. उजवा दिवा म्हणजे पाणी घातलेला चहा, आणि डावीकडे भिंतीची वीट न् वीट मोजता येत होती.

"उड्या नंतर मारा. आता ते वाचा." भिंतीच्या बाजूने जाणाऱ्या गल्लीच्या टोकाला त्यांनी एक जुनी नंबरप्लेट टांगून ठेवली होती.

"अठ्ठेचाळीस त्र्याऐंशी."

"अठ्ठ्याऐंशी."

"तुम्हाला पाठ असणार."

त्यांनी मागे थांबलेल्या रिक्षावाल्याला हाक मारली. तो रिक्षातूनच म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी की!"

काका गाडीतून उतरले. "ताई, बल्ब मी देतो. पण आधी डोळे तपासून घ्या. कुठल्याही चष्म्याच्या दुकानात करून देतात."

तीन आणि आठ यांची गल्लत व्हायला लागली की नंबर बदललेला असतो, हे मी रोज लोकांना ऐकवते. माझ्या नाकावरचा चष्मा पाच वर्षांचा होता. मी दोन्ही बल्ब बसवून घेतले आणि माझा धंदा कोणता, ते न सांगता निघून आले.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या सहकारिणीने माझे डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांचा नंबर वाढला होता. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

नवा चष्मा लावून मी पुन्हा खडकीला गेले. अंधार पडताच गाडी भिंतीपुढे लावली. बल्ब तेच, पण मला प्लेटवरचे आकडेच काय, तिच्या कोपऱ्यातला गंजसुद्धा दिसत होता. "अठ्ठ्याऐंशी! आणि खालचा एक स्क्रू पडलाय, काका!"

"वा! कुठे केलात चष्मा?"

"माझ्याच दुकानात."

त्यांना आधी कळेना. कळलं तेव्हा ते इतके हसले की स्टूल ओढून बसावं लागलं. नंतर त्यांनी माझं कार्ड शटरवर चिकटवलं आणि 'उजेड कमी पडतोय' म्हणणाऱ्याला बोटाने ते दाखवायला लागले. निम्मे लोक चिडायचे. उरलेले खरंच माझ्याकडे यायचे.

मुलाला मी त्या गुरुवारी शेजारी बसवून पौडला नेलं. परतताना दिवा नसलेला एक सायकलवाला मी त्याच्याआधी पाहिला. विषय मिटला.

दर सहा महिन्यांनी मी झोत तपासायला खडकीला जायचे. गेल्या हिवाळ्यात ते नागपूरला मुलीकडे कायमचे राहायला गेले. जाण्यापूर्वी झोत खालीवर करायचा स्क्रू कुठे असतो ते मला दाखवलं आणि आपला लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर हातात ठेवला. "आता तुम्हीच करा. अवघड असतं तर मला जमलं नसतं."

परवा बुधवारी संध्याकाळी गेले होते. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. नंबरप्लेट दिसली नाही, ती ते नागपूरला घेऊन गेले असणार. फुल्या मात्र भिंतीवर आहेत. गाडी दहा पावलांवर लावली. उजवा झोत फुलीवर बरोबर होता, डावा चार बोटं वर. बॉनेट उघडून स्क्रू फिरवला, तो बेतात खाली आणला.

मग दिवे चालू ठेवून गाडीपुढे गेले आणि ट्रॉलीवाला, सायकलवाला, जो कोणी समोरून येईल, त्याच्या जागी उभी राहिले. खिडकीतून डोकं काढून विचारायला कोणी नव्हतं.

"दिसतंय," मी सांगितलं, आणि गाडीत येऊन बसले.