दाजींचे बूट

आमचे दाजी धुळाप्पा यांच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका हट्टीही नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे, केराबाईचे, म्हणजे आमच्या आक्काचे, ते मालक. कामाला सोलापुरात गिरणीत, आणि राहायला होटगीच्या तळ्यापलीकडच्या वस्तीवर. शहरात खोली घ्या म्हणून मी किती डोकं फोडलं! पण मेंढरांचा वास नाकात गेल्याशिवाय या माणसाला झोप लागत नसे, तिथं मी तरी काय करणार?

लहानपणापासून बापामागं कळप घेऊन त्यांनी भीमेचा काठ, सीनेचा काठ पालथा घातलेला. भावाभावांत वाटण्या झाल्या, मेंढरं मूठभर उरली, तेव्हा गिरणीत लागले. माझं नाव श्रीमंत, आणि स्टेशनाजवळ सायकलदुरुस्तीचं दुकान. कुठली चाकं, कुठला सांगाडा असं करून मीच त्यांना सायकल जुळवून दिली. जन्मभर पायी चाललेला माणूस तिच्यावर असा ताठ बसायचा, की बघणाऱ्याला वाटावं फौजदारसाहेब निघाले.

सोलापूर म्हटलं की लोकांना ऊनच आठवतं. त्या लोकांनी एकदा पौषात, दिवस उगवायच्या आधी, तळ्याच्या कडेनं सायकल हाणून बघावी. पाण्यावरून वारा सुटतो तो पायाच्या बोटांनाच धरतो. हाताचं एक बरं असतं, आलटून पालटून काखेत घालता येतो. पाय मात्र पायडलवरच ठेवावे लागतात, आणि पायडल पडलं लोखंडाचं.

त्या साली थंडी जरा जास्तच होती. दाजींच्या पायात वहाणा, बोटं सगळी उघडी. शेवटी त्यांनी जुन्या बाजारातून बूट उचलले. कुणा गोऱ्या शिपायाचे असावेत. काळे, जाड, टाचेला नाल मारलेले. मी म्हणालो, दाजी, रानात चालून चालून तुमचा पाय भाकरीसारखा पसरलाय, हा बूट अरुंद आहे. ते म्हणाले, चामडं सैल पडतं. बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? आतून पायाला जुन्या घोंगडीची पट्टी गुंडाळली. तरी बोटं गार. मग दुसरी पट्टी. तरीही गार. मग तिसरी. बूट चढवताना त्यांचा चेहरा लालबुंद व्हायचा. एवढी लोकर कशाला कोंबता, असं मी एकदा बोललो मात्र, दाजी माझ्यावर उखडलेच.

"लोकरीला नाव ठेवायचं न्हाय, श्रीमंत. अंगावर लोकर हाय आन् थंडी वाजती, असं आमच्या सात पिढ्यांत झालं न्हाय."

मी हात जोडले आणि पंक्चर काढायला बसलो. घरच्या माणसाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

संक्रांत झाली आणि एक दिवस आक्का पोराला काखेला मारून दुकानावर आली. आक्का रडणाऱ्यातली नव्हे. उभ्या उभ्याच तिनं सांगितलं, की दाजी महिनाभर घरात झोपत नाहीत, मेंढरांच्या वाड्यात जाऊन पडतात. पोराला मांडीवर घेत नाहीत. पोर रांगत जवळ आलं की उठून बाहेर जातात. विचारलं तर तोंड फिरवतात. तू विचार, माझ्यापाशी बोलत न्हाईत, एवढंच म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. दाजींनी गिरणीतली कुणी बाई गाठली, दुसरं काय असणार! सरळ माणूस म्हणे! माझ्या बहिणीच्या जिवाला घोर लावून हा गृहस्थ बूट घालून मिरवतो! काय काय बोलायचं ते मी मनात नीट रचून ठेवलं. त्यातलं निम्मं इथं सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावरच त्यांच्या सायकलचं हँडल धरलं. आधी बोलायचं, मग गिरणी, असं ठणकावलं. मला वाटलं चिडतील. पण ते मुकाट्यानं दुकानापाशी आले, उन्हातल्या बाकड्याच्या अगदी टोकाला बसले आणि बूट काढायला लागले. मग एकेक पट्टी सोडली. बोटं पांढरीफटक पडली होती. पटक्यात खोवलेला बाभळीचा काटा त्यांनी काढला आणि अंगठ्यात खुपसला. रक्ताचा ठिपका वर आला, पण दाजींच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"कळत न्हाय, श्रीमंत. बोटं मेल्यात," ते म्हणाले. "महारोग हाय ह्यो. केराला आन् पोराला तू हिकडं घिऊन ये. मी जातो कुटंतरी."

माझी रचून ठेवलेली वाक्यं गेली कुठल्या कुठं. त्या काळी त्या रोगाचं नाव घरात काढणं म्हणजे घराचं दार लोकांसाठी बंद झालं म्हणून समजा. पाणवठा तुटायचा, पै-पाहुणे तुटायचे, आणि माणूस जिवंत असून नसल्यात जमा व्हायचा. मी म्हणालो, अहो, थंडीनं झालं असेल. तर माझ्याकडंच अडाण्याकडं बघावं तसं बघत म्हणाले, तीन तीन पट्ट्या लोकर असताना थंडीनं? रात्री पायाला मुंग्या येत, आग होई, तीही त्यांनी रोगाच्याच खाती मांडली होती. लोकर काही चुकायची नाही, म्हणजे चुकला तो पाय. हा त्यांचा न्याय, आणि त्या वेळी मलाही तो पटला! आम्ही दोघं कपाळाला हात लावून कितीतरी वेळ उन्हात बसून राहिलो.

मग मी म्हणालो, डॉक्टरकडं चला. ते येईनात. तिथं धरून ठेवतील म्हणाले. नाही आलात तर इथंच बोंब मारीन, असा मी दम भरला तेव्हा उठले. बुटात पाय घालायला मात्र तयार नाहीत. शेवटी बूट हँडलला अडकवले, त्यांना अनवाणीच मागं कॅरिअरवर बसवलं आणि मी सायकल हाणायला लागलो. डोळ्यांतून पाणी वाहतंय, समोरचं नीट दिसत नाही. आक्काला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

अशात वळणावर समोरून टांगा आला. मी एकदम हँडल वळवलं, आणि मागून "आई आई आई गं!" असा ओरडा झाला. सायकल जागच्या जागी थटली आणि आम्ही दोघंही रस्त्यावर. दाजींच्या पायाचं बोट चाकाच्या तारांत अडकलं होतं. मी घाबरून पाय ओढायला लागलो.

"हळू, मुडद्या! दुखतंय की!" दाजी कळवळले.

मी ओढायचं थांबवलं. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. दुखतंय, मी विचारलं. लई दुखतंय, ते म्हणाले. मी बोट सोडवलं. त्यांनी लगोलग बाकीची बोटं एकेक करून चिमटली, आणि प्रत्येक चिमट्याला हाय हाय करत हसायला लागले. डोळ्यांतून धारा, बोटातून रक्त, आणि माणूस हसतोय! मी त्यांना भर रस्त्यात मिठी मारली. टांगेवाला दखनीत आम्हा दोघांच्या अकलेचा उद्धार करत होता. करू दे बिचारा. मला तर तो त्या घडीला देवमाणूस वाटला.

डॉक्टरांनी बोट बांधलं. मग डोळे मिटायला लावून सगळ्या पायाला टाचणी लावून बघितली, कापूस फिरवून बघितला. करंगळी तेवढी थोडी बधिर होती. रोगबिग काही नाही म्हणाले. मग बूट मागवून जमिनीवर ठेवला आणि त्याच्याशेजारी दाजींचा पाय. पायाचं पसरट रूप बघून त्यांना हसूच आलं. एवढ्या अडचणीत रक्त यायचं कुठून, आणि रक्त नाही तिथं ऊब कुठली? जेवढी लोकर कोंबलीत तेवढा पाय गार पडला, आणि बूट काढून उन्हात बसलात तेव्हा रक्त परत आलं, असं त्यांनी समजावलं. मग जरा रागानं म्हणाले, की असता तो रोग तरी त्यावर इलाज करता येतो. माणसानं मेंढरांत जाऊन पडायचं नसतं. दाजींनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की म्हणजे लोकरीचा दोष न्हाय ना? नाही, तिचा नाही, डॉक्टर म्हणाले. तेव्हा कुठं दाजींचा जीव खऱ्या अर्थानं भांड्यात पडला.

तिथून सिद्धप्पा चांभाराकडं गेलो. बऱ्या पायाला एकच पट्टी गुंडाळून दाजींनी माप दिलं आणि बजावलं, की आत बोटं हलली पाहिजेत, नाहीतर जोडा परत करीन. पायडललाही घोंगडीचा तुकडा गुंडाळून द्यायचं मी कबूल केलं. मग त्यांना मागं बसवून, पाय चांगले लांब धरायला सांगून, वस्तीवर नेलं.

आक्का भाकरी थापत होती. दाजींनी दारातूनच पोराला उचललं, मांडीवर घेऊन चुलीपाशी बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. हसत हसत सांगत होते. आपण किती जपलं, तेही सांगितलं. पुरुषाचं जेवण झालं की त्याच ताटात बायकोनं जेवायचं, ही आमच्याकडची रीत. पण महिनाभर आपण ताट बाहेर ठेवायला लावलं आणि उरलंसुरलं कुत्र्याला टाकायला सांगितलं, म्हणून तुला धोका नव्हता, असं ते आक्काला म्हणाले.

आक्का भाकरी उलटत राहिली.

"कुत्र्याला कवा टाकलं मी? मीच खात व्हते," ती म्हणाली. "त्याच ताटात."

दाजींचं हसू थांबलं. "आगं, पन तुला ठावं नव्हतं..."

"ठावं व्हतं. हितंच बसून पायात काटा टोचत व्हता, मी बघितलं न्हाय व्हय? म्हनलं, तुमाला व्हनार आसंल तर मला बी व्हऊ दे. येकटं कुटं जाताय?"

पोराच्या डोक्यावर तोंड टेकून दाजी हुंदके द्यायला लागले. आक्कानं तव्यावरची भाकरी काढली, ताट वाढलं आणि त्यांच्यापुढं सरकवलं.