थेट विमान आणि संध्याकाळची एसटी

पेण स्टँडसमोर माझ्या एका मित्राचं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. आखातात कामाला निघालेल्या प्रत्येकाला तो विचारतो, "विमान बदलून शेवटी उतरणार कुठं?" आणि उत्तर वहीत लिहितो. डोलवीच्या कारखान्यातले वेल्डर त्याला हसायचे.

यंदा एका विमान कंपनीने आखातातल्या सलाला शहराला थेट विमान सुरू केलं. त्याआधी कंपनीचा माणूस इथे येऊन तासभर ती वही वाचत बसला होता. वळसा घालून तिथेच जाणारे किती, एवढंच कंपनीला हवं होतं.

मी चळवळीतला कार्यकर्ता. रोह्याला जाणाऱ्या संध्याकाळच्या एसटीसाठी चार पत्रकं काढली, खासगी गाड्यांच्या नफेखोर मालकांना झोडपलं. एसटी आली नाही. त्याचं विमान आलं, हे मला सलत राहिलं.

पाचवं पत्रक त्याने शेवटपर्यंत वाचलं. "झकास लिवलंस. पण ही गाडी मागितली कोणी?"

"जनतेने."

"म्हणजे कोणी? स्टँडवर जा नि इचार."

चिडूनच गेलो. रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या रोह्याच्या भाजीवालीला विचारलं.

"संध्याकाळी जायला रेल्वे हाय रे, तिला येळ हाय म्हणून हितं बसलेय," ती म्हणाली. "पहाटे भाजी घेऊन यायला गाडी नाय."

समोर तो दारात उभा राहून बघत होता. हसला असता, तर मला बरं वाटलं असतं.