उपाशीपोटी पहिला नंबर

डासोबा,

उद्या संध्याकाळी तुझ्या कौतुकाचा कार्यक्रम आहे आणि तुझ्याबद्दल चार ओळी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. 'हसतमुख', 'कर्तव्यदक्ष', 'मनमिळाऊ' हे शब्द सेक्रेटरीने आधीच पळवलेत. खरं सांगायचं तर तू हसतमुख वगैरे होतास की नाही, मला आठवत नाही. सकाळी सहाला सुई घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाचं तोंड कोण बघतं? तुझे हात मात्र सोन्याचे होते. एवढं मी लिहीन. बाकी जे आहे ते लिहायला घेतलं की पेन अडतं.

एवढं लिहून बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि स्वतःवरच चिडल्या. एकोणऐंशी वर्षांत त्यांचं पेन कधी अडलं नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात त्यांनी एकतीस वर्षं नकाशे काढले होते, साहेबांच्या चुका साहेबांच्या तोंडावर सांगितल्या होत्या. आणि आता एका रक्त नेणाऱ्या माणसाबद्दल चार ओळी जमेनात.

तो लॅबचा माणूस होता. सायकलच्या कॅरिअरला निळी थंड पेटी, पेटीत काचेच्या नळ्या, खांद्याला कापूस-सुया-चिकटपट्टीची पिशवी. वसाहतीच्या सहा इमारती आणि रस्त्यापलीकडच्या दोन, इतका त्याचा मुलूख. कुणाची महिन्यातून एकदा साखर, कुणाचं रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे दर आठवड्याला. अठरा वर्षं. त्याआधी तो इस्पितळात स्ट्रेचर ढकलायचा. तिथल्या एका खडूस सिस्टरने त्याला डोळे मिटायला लावून शीर शोधायला शिकवलं होतं. "दिसते ती शीर फसवते, लागते ती खरी," असं ती म्हणायची म्हणे. लॅबने स्कूटर देऊ केली, त्याने घेतली नाही. सायकल जिन्याखाली मावते आणि तिला कुणी 'हलवा' म्हणत नाही, एवढंच त्याचं कारण.

'डास' हे नाव शिंपीकाकांनी ठेवलं. पलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर अजूनही मशीन चालवणारे म्हातारे. त्याची घंटी ऐकली की ते आतून ओरडायचे, "आला रे डास!"

"काका, डास फुकट पितो. मी पावती देतो," तो म्हणायचा.

बाईंना तो पहिल्या दिवशी 'मावशी' म्हणाला, तेव्हा बाईंनी सुनावलं, "मी कुणाची मावशीबिवशी नाही." दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "मॅडम." हेही बाईंना लागलं. तिसऱ्या खेपेपासून तो 'मॅडममावशी' म्हणू लागला आणि विषय मिटला. बाईंच्या शिरा म्हणजे उन्हात वाळलेला दोरा, मोठमोठ्या डॉक्टरांनी हात टेकलेले. हा डोळे मिटून कोपराखाली बोट फिरवायचा, थांबायचा, आणि पुढचं कळायच्या आत नळी भरलेली असायची. मग कापूस लावून कोपर दुमडायचा. "दाबा. मनात पन्नास मोजा. घाई केलीत तर निळं पडेल, मग मला बोलू नका."

खरी भांडणं व्हायची ती पहिल्या नंबरावरून. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणजे तोवर चहा नाही, आणि पहाटे चारला जागी झालेली म्हातारी माणसं चहाविना कशी असतात ते त्यांच्या सुनांना विचारावं. प्रत्येकाला तो आधी आपल्याकडे हवा. शेवटी त्याने लॅबच्या कॅलेंडरवर पाळ्या आखल्या. या आठवड्यात पहिला नंबर अमक्याचा, पुढच्यात तमक्याचा. प्रती काढून प्रत्येकाच्या फ्रीजवर चिकटवल्या. लोक औषधं विसरायचे, पण आपला आठवडा विसरायचे नाहीत.

त्या मंगळवारी पहिला नंबर शिंपीकाकांचा होता. बाई चौथ्या.

सहा वाजून दहा मिनिटांनी बाईंनी त्याला फोन लावला. कारण? काही नव्हतं. पाहुणे नव्हते, गाडी गाठायची नव्हती, चक्कर येत नव्हती. चहा हवा होता.

"कुठे तडफडलायस? आज माझ्याकडे आधी ये."

"अहो मॅडममावशी, काकांचा नंबर आहे. त्यांच्याकडे निम्म्या वाटेवर आलोय."

"मग मी आपली चहा पिते. राहू दे तुझं रक्त."

तो हसला. "नका पिऊ, नका पिऊ. पाच मिनिटांत आलो."

शिंपीकाकांच्या बाजूने बाईंच्या फाटकाशी सरळ मार्गाने यायचं तर मधल्या दुभाजकामुळे पुढच्या चौकापर्यंत जाऊन वळावं लागतं. सायकलवर बारा मिनिटं. उलट्या बाजूने आलं तर चाळीस मीटर. बाईंना नकाशा डोळ्यांपुढे काढायला कागद लागत नाही. अठरा वर्षांत तो त्या चाळीस मीटरांतून एकदाही आला नव्हता. त्या दिवशी आला, आणि समोरून पाण्याचा टँकर आला.

साडेसहापर्यंत बाईंनी वाट पाहिली. मग "मेला विसरला" म्हणून आधण ठेवलं आणि सावकाश दोन कप चहा प्यायल्या. त्या चहाची चव त्यांना महिना झाला तरी तोंडातून काढता आली नव्हती.

पोलिसांच्या कागदावर एकच ओळ होती: सायकलस्वार उलट दिशेने येत होता. त्याची बायको तो कागद घडी करून पर्समध्ये घेऊन हिंडत होती. लॉन्ड्रीत इस्त्रीवर उभी राहणारी, अबोल बाई, मनगटावर जुन्या चटक्याचा तपकिरी पट्टा. जो भेटेल त्याला ती एकच विचारायची, "ते उलटे का आले? ते कधीच येत नव्हते." लोक म्हणायचे, वेळ आली होती. बाईंना तिने अजून विचारलं नव्हतं, कारण बाई ती दिसली की रस्ता बदलत होत्या.

कार्यक्रमाला वसाहतीचा हॉल भरला. टेबलावर त्याचा फोटो, शेजारी निळी पेटी. पेटीला ओरखडासुद्धा नव्हता. सेक्रेटरींनी माइक घेतला, माइक किंचाळला. "आज रडायचं नाही. आज आपण त्याचं जगणं साजरं करायचं."

आणि लोकांनी खरंच साजरं केलं. एका आजोबांनी बाही वर करून आपली शीर दाखवली, जणू बक्षीस मिळालंय. शिंपीकाका म्हणाले, "माझ्याकडून पँट अल्टर करून घ्यायचा आणि म्हणायचा, टाका घालताना दुखलं तर सांगा. मला! सुई माझी आणि डायलॉग त्याचा, लेकाचा." हॉल हसला. त्याची बायको पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसली होती.

मग कुणीतरी म्हणालं, दोन मिनिटं स्तब्धता नको, त्याच्या पद्धतीने करू. सगळ्यांनी कोपर दुमडलं आणि मनात पन्नास मोजले. साठ-सत्तर म्हातारी माणसं, हात छातीशी, ओठ हलताहेत. बाईंचे सव्वीसनंतरचे आकडे हरवले.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी कागद उघडला, बघितला आणि परत मिटला.

"मला भाषण करायचं नाही," त्या म्हणाल्या. "तो उलट्या बाजूने का आला, ते सांगायचंय. मी बोलावलं म्हणून आला. नंबर माझा नव्हता. मी फोन करून धमकी दिली, चहा पिते म्हणून. तो पाच मिनिटांत येतो म्हणाला. झालं एवढंच. कागदावर त्याची चूक लिहिलीय, ती माझी आहे."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "असं काय बोलता बाई, तुमचा काय दोष!" दुसरी म्हणाली, "मीसुद्धा त्याला कितीदा पिडलंय." शिंपीकाका उठले, "मीही फोन करणारच होतो हो, उशीर झाला म्हणून." आणि पाहता पाहता सगळ्या हॉलला जुने फोन आठवू लागले. कुणी सणसणीत शिव्या दिल्या होत्या, कुणी लॅबकडे तक्रार केली होती. प्रत्येकाने आपापली मूठभर चूक आणून तिथे ओतली, आणि त्या ढिगात बाईंची दिसेनाशी झाली.

"अहो, माझं ऐका," बाई माइकमध्ये म्हणाल्या. "तुमचं तसं नाही. माझा फोन त्या दिवशीचा, त्या मिनिटाचा आहे."

सेक्रेटरींनी हळूच माइक काढून घेतला. "किती मोठं मन लागतं असं बोलायला! बाईंसाठी टाळ्या झाल्या पाहिजेत." आणि टाळ्या झाल्या. उभं राहून. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना कुणाला गप्प करता आलं नाही.

चहाच्या वेळी बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिल्या. हातातला कप कुणीतरी दिलेला, भरलेलाच. त्याची बायको येऊन शेजारी बसली.

"तुम्ही होय," ती म्हणाली.

"मी."

"मला वाटायचं, माझ्याशी भांडून गेले होते म्हणून तंद्रीत आले असतील. डब्याच्या झाकणावरून भांडलो होतो." तिने पर्समधला कागद काढला, पुन्हा आत ठेवला. "हे बदलेल का?"

"उद्या चौकीत जाऊन लिहून देते मी. माझ्या सहीने."

"मी विचारलंय त्यांना. कारण काही का असेना, बाजू उलटी ती उलटीच, म्हणाले."

"मला शिव्या तरी दे," त्या म्हणाल्या.

"शिव्या देऊन काय करू?" ती थकून म्हणाली. तिने पर्सची चेन लावली. मग म्हणाली, "मला सायकल शिकवणार होते ते. लॉन्ड्रीला चालत जाते ना मी. म्हणायचे, मॅडममावशी कॉलेजला सायकलवर जायच्या, त्यांना बायकांची सायकल कळते. त्यांना घेऊनच दुकानात जाऊ. तुम्हाला बोलले होते ना?"

"बोलला होता. तीनदा."

"रविवारी जायचं म्हणायचे."

"हो."

"कुठल्या?"

बाईंनी कप खाली ठेवला. तीनही वेळा त्या 'पुढच्या' म्हणाल्या होत्या.