मिरचीच्या मुलखातली पॉपी

मुलांनो, परवा मोठी फोनवर म्हणाली, "आजी, यंदा आमच्या शाळेच्या बागेत पॉपी आलीच नाही. तू कशी वाढवलीस ते लिहून पाठव, मी बाईंना वाचून दाखवते." शाळेत वाचून दाखवणार म्हटल्यावर खोटं लिहिता येत नाही. म्हणून गेल्या वर्षी तुमच्यापासून जे लपवलं, ते आता क्रमाने सांगते.

गेल्या वर्षी दिवाळीत तुमचे बाबा आले, तेव्हा मोठीने स्वतः जमवलेलं बी त्यांच्यासोबत पाठवलं होतं. शोभेच्या पॉपीचं, परवाना लागतो त्या अफूच्या खसखशीचं नव्हे. पाकिटावर तिने इंग्रजीत लिहिलं होतं की टाकल्या जागीच वाढू दे, हलवू नकोस, आणि पहिलं फूल मला फोनवर दाखव. इंग्रजी मला नीट येतं, तेव्हा कळलं नाही असं म्हणायची सोय नाही.

बी मोहरीहून बारीक. वाळूत मिसळून मागच्या दारच्या वाफ्यात पसरलं. दहा-बारा दिवसांत रोपं वर आली, पण कशी? शाळा सुटल्यावर पोरं येतात तशी. एकीकडे घोळका, एकीकडे मोकळं रान. मला ते बघवेना.

तेवढ्यात शेजारच्या धानोऱ्याहून तुमची आत्याआजी आली. सगळा जन्म मिरचीत गेलेला. वाफ्यावर रोप करायचं, उपटून शेतात लावायचं, हे तिच्या हाताला इतकं ठाऊक की ती बोलता बोलता लावते.

"वहिनी, आठे गर्दी करी ठेयेल शे," ती तिच्या अहिराणीत म्हणाली. "रोप उपटीसन लाव, तवय ते जोर धरस."

चाळीस वर्षांत आमचं एकमत झालं ते या एका गोष्टीवर. मी दोरी आणि फूटपट्टी आणली. तिने जोमदार रोपं निवडली, मरतुकडी तिथेच सोडली. उन्हं कलल्यावर बेचाळीस रोपं बाजूच्या मोकळ्या जागेत सात ओळींत, प्रत्येकी नऊ इंचांवर लावली, पाणी घातलं आणि एकमेकींचं कौतुक केलं.

चौथ्या दिवशी बेचाळीसही रोपं आडवी. पॉपीचं मूळ एकच, सरळ खाली जाणारं. ते दुखावलं की ती पुन्हा उठत नाही. मिरचीला असले नखरे नाहीत.

"मरी गयात?" आत्याआजीने विचारलं.

"सगळी."

"तुन्ही फूटपट्टी देखीसनच मरनात ते."

त्या रविवारी तुम्ही "पॉपी दाखव" म्हणालात, आणि मी फोन बोगनवेलीकडे फिरवून "आवाज येत नाहीये" म्हटलं. आवाज उत्तम येत होता. बी संपलं होतं, आणि मोठीचं ऐकलं नाही हे मला कबूल करायचं नव्हतं.

मग वाफ्यात सोडलेल्या मरतुकड्यांची आठवण झाली. अकरा होती. कुणी हात लावला नाही म्हणून जिवंत होती. आता यांच्यावरच सगळी भिस्त.

"आते काय करवानं?" आत्याआजीने पदर खोचला.

"काहीच नाही."

"काहीच नही? हाई काय शेती शे का?"

तरी ती रोज येऊन न करण्यावर देखरेख करी. एकदा तिच्या मुठीत युरिया सापडला. मी ओरडले, तर म्हणाली, "आणि तुन्ही कंबरले दोरी कसानी शे?" दोरी मी परत ठेवली.

माघात कळ्या आल्या आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. "मान टाकी दिधी. हाई बी गयं," म्हणत ती ज्वारीच्या काड्या घेऊन आली, टेकू द्यायला. मी तिला मदत करायला बसले, आणि पहिल्याच कळीचं देठ आमच्या चार हातांत मोडलं. त्यानंतर आम्ही वाफ्यापासून पाच पावलांवर खाट टाकली आणि तिथून बघायचं ठरवलं.

तीन दिवसांनी सकाळी एका कळीने आपली आपण मान वर केली. डोक्यावरची हिरवी टोपी फुटून पडली. आतून पाकळ्या निघाल्या त्या ट्रंकेतल्या साडीसारख्या, चुरगळलेल्या. उन्हाने त्यांना इस्त्री केली. आत्याआजी हात पाठीमागे बांधून वाफ्यापर्यंत जाऊन आली. मग म्हणाली, "लालच पाहिजे व्हतं तं मन्हा आंगणमा येती. मिरच्याच मिरच्या शेत." पण फोन तिनेच मला आणून दिला.

तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मोठीने विचारलं, "मी लिहिलं होतं तसंच केलंस ना?" मी हो म्हणाले. ते खरं नव्हतं, बाळा. तुझं बरोबर होतं, आम्ही दोघी चुकलो. बाईंना हेच वाचून दाखव.

फुलं गळल्यावर बोंडं आम्ही झाडावरच वाळू दिली. यंदा त्याच वाफ्यात, काही न पेरता, एकोणीस रोपं आली आहेत. वाकडीतिकडी आहेत आणि जिथली तिथे आहेत.