बाळाच्या कानात अक्का काय बोलली?

"धाकटीनं बाळाचं नाव अजून एकदाबी घेतलं न्हाई. तिच्या मनात काय तरी हाय बघ, आई."

माझी नणंद सुमनअक्का चुलीपाशी सासूबाईंना सांगत होती. धाकटी म्हणजे मी. मागच्या दारात तांदूळ धूत होते. हात थांबवला नाही. पाण्याचा आवाज थांबला असता तर मी ऐकतेय हे कळलं असतं!

कर्नाटकातल्या नंदिगड्ड्याच्या या घरात येऊन मला चार महिने झालेत. कमी बोलणाऱ्या माणसाजवळ किस्से आपोआप साठत जातात. पावसाळ्याआधी पडवीत लाकडं रचतात, तसे. भीती एकच. मधलं एखादं ओढलं, की सगळा ढीग अंगावर!

*

बाळ मोठ्या जाऊबाईंचं. मुलगी. थोरले दीर ज्ञानेश, जाऊबाई हर्षा. दिरांचा 'ज्ञ' आणि जाऊबाईंचा 'र्षा' जोडून दोघांनी मोबाईलवर नाव तयार केलं: ज्ञर्षा. बारशापर्यंत अगदी सीक्रेट!

कानात नाव सांगायचा मान आत्याचा. सासरहून, कुंभारवाड्याहून अक्का मुद्दाम त्यासाठी आलेली. जाऊबाईंनी तिच्यासमोर मोबाईल धरला. अक्कानं तो जवळ नेला, लांब नेला, मग जाऊबाईंच्या तोंडाकडं बघितलं.

"आटप की गं!" बायका ओरडल्या.

अक्का पाळण्यात वाकली आणि तिच्या पाठीत धपाटे सुरू झाले. मी पाळण्याच्या डोक्याशी उभी होते. नाव एवढंसं, पण अक्का बराच वेळ बोलत होती.

*

नाव जाहीर झालं तेव्हा दीर म्हणाले, "द्न्यर्षा!"

जाऊबाई म्हणाल्या, "ग्नर्षा!" त्या बेळगावात कन्नड शाळेत शिकलेल्या, आणि कन्नडात 'ज्ञ'ला 'ग्न' म्हणतात.

"ज्ञानातला ज्ञ गं," दीर म्हणाले.

"तेच म्हणतेय की. ग्नानातला."

सासूबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "एक लेकरू आणि नावं दोन? माझ्यापासून काय लपवताय रे?"

मामंजींनी घुगऱ्यांची मूठ तोंडात टाकली. "भातावर मारायच्या औषधाचं नाव वाटतंय. डबा बघून ठेवलंय का?"

तेव्हापासून ते बाळाला 'ए बाय' म्हणतात. त्यांच्यावर कुणी संशय घेत नाही. पुरुषमाणसाचं बरं असतं!

*

अंगणवाडीत नाव घालायला सासूबाई मला घेऊन गेल्या. टीचरनी मोबाईलवरचं नाव बघितलं आणि कन्नडात लिहिता लिहिता म्हणाल्या, "ग्नर्षा. चन्नागिदे!" म्हणजे, छान आहे.

परतताना सासूबाई वाटेत काजूच्या झाडाखाली थांबल्या.

"टीचरला हर्षासारखंच कसं म्हणता आलं? दोघी आधी भेटल्या असणार."

मी मान हलवली. हो की नाही, ते त्यांना कळू नये अशी.

*

आता या घरात नाव घ्यायचं म्हणजे पार्टी निवडायची. 'द्न्य' म्हटलं तर जाऊबाईंचा चेहरा पडतो. 'ग्न' म्हटलं तर सासूबाई दचकतात. म्हणून मी "चला आंघोळीला", "कोण हसतंय गं" एवढ्यावर दिवस काढते.

नवऱ्यानं एकदा विचारलं, "तू नावानं का हाक मारत नाहीस?"

"तुम्ही मारून दाखवा."

त्यांना जोरात ठसका लागला.

*

मग बाळाला सर्दी झाली. साधी सर्दी! पण सासूबाईंनी देवळात कौल लावायचं ठरवलं. गुरव देवाला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

गुरवानं गाऱ्हाणं सुरू केलं. गावाचं नाव झालं, घराण्याचं झालं, बाळाच्या नावापाशी येऊन अडकलं. "तर म्हाराजा, ही... ही जी..." त्यानं सासूबाईंकडं बघितलं. सासूबाईंनी माझ्याकडं. मी समईकडं.

"म्हाराजा, तुला ठावं हायच. मी कशाला सांगू?"

मग त्यानं विचारलं, "घरातलं कोण मनात धरून हाय काय?"

उजवी पाकळी टपकन पडली. वारा चांगलाच सुटला होता, पण तेही मी बोलले नाही.

*

रविवारी अक्का पुन्हा आली. सगळे पडवीत बसले. जाऊबाईंच्या मांडीवर बाळ होतं आणि त्यांचे डोळे भरलेले.

"माझ्या लेकीचं नाव घ्यायला तुला एवढं जड जातंय? तिचं चांगलं व्हावं असं वाटत न्हाई तुला?"

हे मात्र लागलं. रोज तेल लावून मी न्हाऊ घालते त्या पोरीला. आज गप्प राहिले असते, तर उद्यापासून ती माझ्या हातात आली नसती.

दीर म्हणाले, "भांडण कशाला? आत्यानं कानात जे सांगितलं तेच खरं. अक्का, तू काय म्हणालीस? द्न्य का ग्न?"

अक्कानं पदर सावरला. "कानातलं परत सांगू नये. दोष लागतो."

"असलं तर कधी ऐकलं न्हाई मी," सासूबाई म्हणाल्या. आता संशय अक्काकडं वळला. मग त्यांना आठवलं. "धाकटे, पाळण्याच्या डोक्याला तूच हुतीस न्हवं? काय ऐकलंस?"

अक्का चार महिन्यांत पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसली. "जेवलीस का गं? किती वाळलीस! चल, आत चल."

जाऊबाईंनी बाळाला घट्ट धरलं होतं. मी उठले, त्यांच्याजवळ बसले, बाळाचं टोपडं नीट केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"अक्का म्हणाल्या, 'पोरी, तुझं नाव मला काय जमंना. मोठी झालीस की तूच सांग सगळ्यांना. आणि तोवर कुणाला बोलू नगंस!'"