उजव्या भिंतीवरचं नाव

पांढुर्ण्यातलं सगळ्यात जुनं घर कोणतं, असं मला कॉलेजातल्या मॅडमनी विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. मॅडम गावातल्या जुन्या घरांचं आणि इमारतींचं पुस्तक करत होत्या. कुणीतरी त्यांना सांगितलं की या बाईनं सगळ्या घरांना चुना मारून पुताई केली आहे, हिला विचारा. घर कुणी बांधलं, कोणत्या साली बांधलं, हे पुताईवालीला कोण सांगतं? मला माहीत आहे ते एवढंच, की कोणती भिंत किती चुना पिते.

कापसाच्या जिनच्या मॅनेजरचा जुना बंगला पहिला हात पूर्ण पिऊन टाकतो, कापसाची धूळ त्याच्या विटांत शिरलेली आहे. स्टेशनजवळच्या धर्मशाळेच्या कोपऱ्यातल्या खोल्या कितीही पांढऱ्या करा, वर्षभरात काळ्या होतात. तिथं उतरणारे लोक पूर्वी तिथंच चूल मांडायचे, तो धूर अजून भिंतीतून बाहेर येतो. जुन्या शाळेची भिंत इतकी रुंद की खिडकीत मी पाय वर घेऊन बसते आणि डबा खाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून लोक एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीचे खळगे नदीकडच्या घरांच्या भिंतींना आहेत. ते आधी चुना-वाळूनं भरावे लागतात, मग पुताई. पोळा झाला की ते पुन्हा पडतात आणि दिवाळीला आम्ही पुन्हा भरतो.

एवढं सगळं मी मॅडमला बोलले नाही. त्या विचारत होत्या आणि मी 'हो' नाहीतर 'नाही' म्हणत होते. मग त्यांनी विचारलं, "मावशी, जुन्या शाळेतल्या गुरुजींचं घर दाखवता?" माझ्या हातातली बादली मी खाली ठेवली. त्या घराकडं मी दर दिवाळीला जाते, पण कुणाला घेऊन जावं असं मला कधी वाटलं नाही.

ते का, हे लिहायला मागं जावं लागेल.

माझं माहेर रामाकोन्याच्या बाजूला. चौथी झाली आणि शाळा सुटली, पुढं काही वर्षांनी लग्न होऊन पांढुर्ण्यात आले. सासू पुताईचं काम करायची. गावातली मोठी घरं तिच्याकडं होती. घायपाताच्या दोऱ्यांचा कुंचा ती स्वतः ठोकून बनवायची, आणि तिच्या हाताचा चुना भिंतीला अंग घासलं तरी लागायचा नाही. पहिल्याच दिवाळीला ती मला बरोबर घेऊन निघाली. पहिलं घर गुरुजींचं. तेव्हा गुरुजी शाळेत शिकवत होते, घरी त्यांची बायको होती. घर दोन मजली, वर लाकडाचा सज्जा, खाली रस्त्याला लागून ओटा. दाराच्या उजव्या भिंतीवर त्यांच्या लग्नाची अक्षरं होती. आमच्याकडं लग्नघरी दाराशेजारी नवरा-नवरीचं नाव रंगवतात, दोन बाजूंना कळस काढतात. ही अक्षरं निळ्या तेलरंगाची होती, उन्हानं फिकी झालेली.

माझ्या माहेरी लग्नाची अक्षरं पहिल्या दिवाळीपर्यंत ठेवायची रीत. दिवाळीला त्यावर चुना मारायचा, म्हणजे नवरी आता नवी राहिली नाही, घरची झाली. अक्षरं राहू दिली तर सुनेला अजून पाहुणी मानतात, असं आमच्याकडच्या बायका म्हणायच्या. पांढुर्ण्याची रीत निराळी. इथं पुताईवाली अक्षरांना वळसा घालते, घरधनी 'मार' म्हणेपर्यंत. हे सासूनं मला सांगितलं नव्हतं. तिला वाटलं असेल, हे काय सांगायचं.

ती परसात चुना कालवत होती. मी समोरची भिंत घेतली. अक्षरं पाहिली आणि मला वाईट वाटलं, की इतकी वर्षं या बाईला कुणी घरची केली नाही. मी त्यावर दोन हात मारले, चांगले दाट.

गुरुजींची बायको दारात आली. तिनं भिंतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. भिंतीवर हात ठेवला, तो पांढरा झाला. "मारलं का?" एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं. ती आत गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली.

संध्याकाळी गुरुजी शाळेतून आले आणि ओट्यावरच थांबले.

"हे कोणी केलं?"

मी तोंडावर पदर घेतला. सासू परसातून हात पुसत आली, भिंत पाहिली, मला पाहिलं, आणि म्हणाली, "माह्या हातानं झालं गुरुजी. डोयाले बराबर दिसत नाही आता."

तेव्हा तिच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. सुईत दोरा ती एका दमात ओवायची. गुरुजी तिला खूप बोलले. दिसत नसेल तर लोकांच्या घरी कशाला जाते, असं म्हणाले. ती ऐकत राहिली. घरी परतताना मी रडत होते, तर म्हणाली, "रडून काऊन राहिली वं? त्या गुरुजीचं घर लई चुना पेते. सुटलं ते बरं झालं."

गुरुजींनी नंतर दुसरी पुताईवाली लावली. पण गोष्ट तिथं थांबली नाही. हिला दिसत नाही असं गावात झालं, आणि बाजारातली आणखी दोन-तीन घरं गेली. तिच्या हातची, वर्षानुवर्षांची घरं. सासूनं मला त्यावरून एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त सुई पडली की म्हणायची, "शोध वं पोरी, मी तर आंधळी." आणि हसायची. मरेपर्यंत तिचं ते चालू होतं. मी कधी हसले नाही.

ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी गुरुजींची बायकोही गेली. नागपूरला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं पुताईसाठी मला बोलावलं. गुरुजींनी मला ओळखलं नाही. तेव्हापासून दर दिवाळीला मी ती उजवी भिंत करते.

तर मॅडमला घेऊन मी त्या घरी गेले. गुरुजी ओट्यावर खुर्चीत बसले होते. आता ऐंशीच्या घरात आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्यात मोतीबिंदू आहे, अक्षर वाचता येत नाही. घर विकलं होतं. संक्रांत झाली की पाडायचं आणि गुरुजींनी मुलाकडं जायचं, असं ठरलं होतं. मॅडमनी सज्ज्याचे फोटो काढले. मग विचारलं, घरावर कुठं साल कोरलेलं आहे का, काही लिहिलेलं?

"लिहिलेलं होतं," गुरुजी म्हणाले. "इथं, उजव्या हाताला. आमच्या लग्नाचं. एका पुताईवालीनं मारून टाकलं. तिला दिसत नव्हतं."

मॅडम म्हणाल्या, "अरेरे. पण लग्नाचा फोटो असेल ना?"

"फोटो आहे. नाव नाही." मग ते बोलले. "लग्नात आम्ही तिचं नाव बदललं. तेव्हा बदलतच होते. राशन कार्डावर, मतदार यादीत, सगळीकडं नवं नाव. आई-बापानं ठेवलेलं नाव या गावात एकाच जागी होतं, या भिंतीवर. ती म्हणायची, माझं सगळं बदला, पण ते तेवढं राहू द्या. मी स्वतः तर तिला त्या नावानं कधी हाक मारली नाही. कोणत्याच नावानं नाही मारली म्हणा."

मला चहाचा तो कप आठवला.

मी म्हणाले, "काढून पाहू का?"

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "एवढ्या वर्षांचा चुना, निघेल?"

"खाली तेलरंग आहे," मी म्हणाले. "तेलरंगावर चुना धरत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी खरवडायची पत्री आणि पाण्याची बादली घेऊन मी गेले. मॅडमही आल्या. वरचा थर माझाच, पांढरा. त्याखाली पुन्हा पांढरे. मग निळीचा एक थर, तो मुलाच्या लग्नाच्या वेळचा असेल. मग पिवळा. गुरुजी खुर्ची ओढून अगदी जवळ बसले होते, त्यांच्या धोतरावर भुकटी पडत होती. सगळ्यात खालचे दोन हात दाट होते. पत्रीच्या टोकानं कड उचलली तसा चुना पापडासारखा सुटून आला, आणि खाली निळं दिसलं.

डाव्या बाजूचा अर्धा भाग पन्हाळीच्या ओलीनं खाल्ला होता. तिथं गुरुजींचं नाव होतं, त्याचं एक अक्षर राहिलं नव्हतं. उजवीकडं एक कळस निघाला, आणि पाच अक्षरं, एक काना तुटलेला, बाकी नीट.

"तुमचं गेलं, गुरुजी," मी सांगितलं. "पण बाईंचं आहे."

"राहू दे माझं. वाच."

मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग बोट अक्षरांवर फिरवत त्यांनी ते नाव स्वतः म्हटलं, हळू, वर्गात पहिलीचं पोर म्हणतं तसं. मॅडम फोटो काढत होत्या, त्या थांबल्या.

तेव्हा मी बोलले नसते तर कधीच बोलले नसते. मी भिंतीकडंच पाहून म्हणाले, "गुरुजी, हे मी मारलं होतं. सासूनं नाही. तिला चांगलं दिसत होतं. मी नवी होते, मला इथली रीत माहीत नव्हती."

त्यांचं बोट अक्षरांवर थांबलं.

"ती तुझी सासू?"

"हो."

"मी तिला फार बोललो होतो."

"हो."

"घरी गेल्यावर काय म्हणाली?"

मी सांगावं की नाही, याचा विचार केला. "म्हणाली, गुरुजीचं घर लई चुना पेते, सुटलं ते बरं झालं."

गुरुजींच्या तोंडातून एक आवाज निघाला. मला वाटलं खोकला आला. पण ते हसत होते आणि डोळे पुसत होते. मग मॅडमला म्हणाले, "लिहा. या घराला ज्या बाईनं सुरुवातीपासून चुना लावला तिची नजर शेवटपर्यंत साफ होती. पुस्तकात हे आलं पाहिजे." मॅडमनी लिहून घेतलं. माझ्यासमोर लिहिलं.

दुपारी नागपूरहून मुलगा आला. भिंतीचा खरवडलेला तुकडा पाहून त्यानं विचारलं, हे काय केलं. गुरुजी मला म्हणाले, "उद्या कुंचा घेऊन ये. बाकीची भिंत खराब दिसून राहिली."

"बाबा, पाडायच्या घराला पुताई?"

"महिनाभर तर उभं आहे ना ते." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अक्षरं सोडून मार."

मी सकाळीच गेले. सासू मोठ्या कामाला ठेवायची तसा चुना रात्रभर भिजत ठेवला होता, डिंक घातला होता. मोठ्या कुंच्यानं वरून खाली सगळी भिंत घेतली. नावाजवळ आल्यावर लहान कुंचा घेतला आणि तुटलेल्या कान्याच्या बाजूनंही एक बोटभर जागा सोडली.