नेम बाभळीवर होता

हे मी आजवर कोणाजवळ काढलेलं नाही. भावाजवळ नाही, लेकीजवळ नाही. देवापुढे बसले की मुद्दाम दुसरंच काही मागत असे, म्हणजे हे ओठांवर येऊ नये. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण तसंही दिसत नाही — बघा ना, अजून सुरुवातच करत नाहीये.

तेल्हाऱ्याजवळ आमची काळी जमीन होती. कापूस, तूर, विहिरीच्या अंगाला थोडी मिरची. घर गावात नव्हतं, शेतातच होतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. कोर्टकचेरीसाठी अकोल्याला जावं लागे. एके दिवशी दिवेलागणीला आमचे यजमान शेतात चक्कर मारायला गेले ते परतले नाहीत. धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, सापडले. डोक्यात कुऱ्हाडीचा घाव होता.

धुऱ्यापलीकडे गणपत माळ्याचं शेत. वांगी, मिरची, झेंडू काढायचा आणि तेल्हाऱ्याच्या बाजारात विकायचा. नांगरताना धुरा कोणी कोरला यावरून आदल्याच दिवशी दोघांचं भांडण झालं होतं आणि ‘पाहून घेईन’ असं गणपत सगळ्यांदेखत बोलून गेला होता. मग आणखी कोणाचं नाव घ्यायचं? पोलिसांनी त्यालाच नेलं. अकोल्याच्या कोर्टात त्याला विचारलं, त्या संध्याकाळी तू कुठं होतास? त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. एक शब्द बोलला नाही. पण मारताना त्याला पाहिलेला एकही माणूस नव्हता. सुटला.

सुटून गावी आला तेव्हा मी ओट्यावर उभी होते. त्यानं लांबूनच हात जोडले. मी आत निघून गेले आणि त्याच क्षणी ठरवलं — कोर्टाला जमलं नाही ते मी करीन.

माझा भाऊ अमरावतीला वकिली करत असे. त्याला म्हटलं, दादा, मला हत्यार हवंय. त्यानं परवान्याचा अर्ज लिहून दिला : एकटी विधवा, लेक सासरी, शेतातलं घर, सालदाराच्या झोपडीखेरीज जवळ वस्ती नाही. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. म्हणून तर कोणाला शंका आली नाही. परवाना मिळाला.

अमरावतीला कॅम्पात एका म्हाताऱ्या बोहऱ्याचं बंदुकांचं दुकान होतं. त्यानं मला खुर्ची दिली, समोर कापड अंथरलं.

“बाई, पैले काम सांगा,” तो म्हणाला. “निशाणेबाजी शिकायची तर ही लांब नळीची घ्या, वजनानं हात स्थिर राहते. घर राखायचं तर पिस्तूल घेऊच नका, दुनळी बंदूक न्या. आणि अंगावर लपवून ठेवायची असेल तर ही लहान. एक चीज तीन कामं करत नाही. करते म्हणून जो विकते, तो फसवते.”

दादा म्हणाला, “घरासाठीच पाहिजे.” पण माझा हात लहानीवर गेला होता. ते रिव्हॉल्वर होतं. त्याचा घोडा आतल्या आत झाकलेला, म्हणजे लुगड्यातून काढताना कुठं अडकणार नाही. चाप मात्र जड. तो पुरता ओढायला मला दोन बोटं लावावी लागली. म्हाताऱ्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “याचा नेम लांबून नाही लागत, बाई. जवळ जावं लागते.”

मला जवळच जायचं होतं. त्या दिवशी दादाच्या घरी मी पोटभर जेवले. हे गेल्यापासून पहिल्यांदा.

तेल्हाऱ्याचा बाजार भरला तशी मी ते कमरेला खोचून, वरून पदर घेऊन गेले. गणपत वांग्यांच्या ढिगामागे बसला होता. मी समोर उभी राहिले. “वयनी,” एवढंच तो म्हणाला आणि न तोलताच माझ्या पिशवीत वांगी टाकू लागला. पदराखाली माझी दोन्ही बोटं चापावर होती. ती हलली नाहीत. का? त्याची बायको शेजारी बसली होती म्हणून? लोक होते म्हणून? नाही हो. भ्याले, दुसरं काय. ती वांगी घरी आणून म्हशीपुढे टाकली.

तुम्हाला वाटेल, हीच कबुली. ही असती तर मी केव्हाच सांगून मोकळी झाले असते.

दुसऱ्या सकाळी, स्वतःवरच्या रागानं म्हणा, मी धुऱ्यावरच्या बाभळीवर नेम धरून बार काढला. आवाज शिवारभर गेला. आणि पलीकडे, मिरचीच्या सरीत, गणपत पालथा पडला. त्याला वाटलं, गोळी त्याच्यावर आली. थोड्या वेळानं तो उठला, अंगावरची माती झटकली, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडे तिकडे बघितलं. मी पाहिलं होतं. माझ्या छातीत काहीतरी सैल झालं — फार दिवसांनी न्हायल्यावर अंग हलकं होतं ना, तसं.

मग मी ते करू लागले. तो शेतात आला की लगेच नाही. त्याला वाकू द्यायची, खुरपं हातात धरू द्यायची, थोडा विसरू द्यायची. मग बार. नेम नेहमी बाभळीवर. त्यानं पोलीस पाटलाकडे तक्रार नेली. पाटील माझ्या ओट्यावर आला तेव्हा मी म्हटलं, “बाईमाणूस एकटी राहते मळ्यात. तिनं नेम शिकू नये काय?” पाटील हसला, मग गाव हसलं. बाजारात लोक त्याच्या मागे जाऊन टाळी वाजवायचे आणि तो दचकायचा. त्याच्या हातात पाण्याचा गडवा राहत नाही, असं त्याची बायको विहिरीवर कोणाला तरी सांगत होती. मी ते ऐकलं आणि मनात घोळवत घोळवत घरी आले.

इथवर तुम्ही मला कदाचित समजून घ्याल. नवरा मारला गेलेली बाई, दुसरं काय करणार? पुढचं ऐका.

आमच्या सालदाराची बायको सर्जा. त्यांची झोपडी आमच्याच शेतात होती. कापसाच्या वेचणीत एका दुपारी ती ओटीतला कापूस तसाच घेऊन माझ्यापुढे येऊन बसली.

“बाई, ते बंद करा,” ती म्हणाली. “मले आयकवत नाई आता.”

“तुले काय करायचं?”

तिनं मागं वळून पाहिलं. “त्या सांजेले गणपत माह्या झोपडीत होता. नवरा कापसाची गाडी घेऊन अकोल्याले गेलता. दिवे लागले, अंधार पडला, मालकासाठी आरडाओरड झाली, तवालोक तो माह्यापाशीच होता. कोर्टात त्यानं माहं नाव नाई घेतलं. घेतलं असतं त माह्या नवऱ्यानं मले जित्ती ठेवली नसती.”

मी तिच्यावर विश्वास ठेवला का? ठेवला. त्याच क्षणी. कोर्टातली ती खाली घातलेली मान मला दिसली आणि सगळं जागच्या जागी बसलं.

“जा,” मी म्हटलं. “वेचणी राहिली हाय.”

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गणपत शेतात आला, वाकला, आणि मी बार काढला.

हे — हे सांगायला मी बसले होते. तो नाही, हे कळल्यावर मी थांबले नाही. का थांबले नाही? तो नाही, तर मग कोण? कोणीच नाही. माझ्या हातात हत्यार होतं, पोटात जाळ होता आणि समोर कोणी नसणार होतं. ते मला चाललं नसतं. मला एक तोंड हवं होतं. त्याचं सवयीचं झालं होतं. आणि सर्जा मूठ उघडून बसली म्हणून मी माझा सूड सोडायचा? उलट आता मी जास्त वेळ वाट पाहू लागले. तो निर्धास्त होईपर्यंत.

तूर काढून झाल्यावर गणपतनं शेत विकलं. जायच्या दिवशी सामानाची गाडी धुऱ्याजवळ थांबवून तो एकटा बाभळीपर्यंत आला. दोन्ही हात उघडे, मला दिसतील असे धरलेले.

“वयनी, म्या नाई मारलं तुमच्या मालकाले,” तो म्हणाला. “तुमाले मालूम हाय. सर्जानं सांगतलं मले, तुमाले सांगतलं म्हून. मंग काहून करून राहिल्या असं?”

मी रिव्हॉल्वर वर केलं आणि त्याच्या शेजारी, बाभळीच्या खोडात, गोळी घातली. साल उडून त्याच्या गालाला लागलं. तो खाली बसला, डोक्यावर हात घेऊन, आपल्या बायकोदेखत. मग तिनंच येऊन त्याला धरून उठवलं आणि गाडीकडे नेलं. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

आमच्या यजमानांना कोणी मारलं ते कधीच कळलं नाही. मीही मग शोध केला नाही.

काही वर्षांनी कापूस घेऊन अकोल्याला गेले होते. तिथल्या सरकी काढायच्या एका जिनात गणपत हमाली करत होता. केस पांढरे झाले होते, पण मी लांबूनच ओळखला. मी वळून निघणार, तेवढ्यात गाडीवरून कापसाची एक गठाण निसटली आणि फरशीवर धाडकन आदळली. बाकीच्यांनी नुसत्या माना वळवल्या. गणपत मात्र पालथा पडला होता, दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून. हमाल हसले, हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं असावं.

मी हसले नाही. पण तिथं उभी राहून त्याला उठेपर्यंत पाहत होते, आणि मला बरं वाटत होतं.